एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

माझ्या मावशीच्या यजमानांइतका निरुपयोगी माणूस अख्ख्या कळमनुरी तालुक्यात दुसरा नाही, असं मी तेव्हा चारचौघांत ठणकावून सांगत असे. निजामाच्या तुरुंगात माणसं सडत होती आणि डोंगरकडा गावी आमचे काका देवळाची पूजा उरकून ओसरीच्या भिंतीवर कोळशाने १४२८५७ लिहीत बसलेले. या संख्येला दोनाने गुणा, २८५७१४. तिनाने, ४२८५७१. सहापर्यंत गुणत जा, तेच आकडे, त्याच क्रमाने, फक्त रांगेत पुढे कोण एवढंच बदलतं. आणि साताने गुणलं की सगळे जाऊन सहाही जागी नुसते नऊ. पहिल्यांदा ऐकताना गंमत वाटते. पण लग्नाच्या पंगतीत वरणात बोट बुडवून पत्रावळीवर हे मांडणारा, वाढप्यांना खोळंबवणारा माणूस सोसायचा कसा? मावशी म्हणायची, "मला सवत हाये, सहा आकड्यांची." उभ्या जन्मात आपला आकडा चुकला नाही, हा त्यांचा एकच तोरा. दुसऱ्याचा चुकला तर त्याच्याशी महिना महिना बोलत नसत. या गुणाकारानं जुलूम थांबणार आहे का, असं मी एकदा तडकून विचारलं. म्हणाले, "न्हाई थांबणार. पण जुलूम करणाऱ्यानं गुणलं तरी उत्तर हेच येतं, हे काय कमी हाये?" मला संतापच आला.

राज्य पडण्याच्या आधीचा उन्हाळा. भर दुपारी निजामाविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी त्यांच्या घरात शिरलो, आणि माझ्या मागोमाग पोलिसांचा जमादार ओसरीवर. शिपाई त्याने आधीच परसदारी उभा केला होता. मी आत कणगीआड. सापडलो असतो तर माझी हाडं गेली असती आणि मावशीचं घरही. जमादाराची नजर भिंतीवर गेली. हा इशारा कोणासाठी, त्याने दरडावलं. काकांनी सावकाश सुरू केलं, दोनाने, तिनाने, चाराने. आवाज जरासुद्धा हलला नाही. सहापाशी ते थांबले.

"और सात से?"

"सातानं बी तेच आकडे," काका म्हणाले. "फिरून."

जमादाराने कोळसा हिसकून भिंतीवर गुणाकार मांडला आणि खदखदून हसला. "पंडित, ये तो सब नौ आए." काका हट्टाला पेटले. तुमीच चुकून राहिले, पुन्हा मांडा. जमादाराने पुन्हा मांडला, पुन्हा नऊच. शेवटी चिडून त्याने साक्षीला शिपायाला हाक मारली. परसदार मोकळं झालं आणि मी गठ्ठ्यासकट कुंपणापार झालो.

जमादाराने आपला पराक्रम बाजारभर सांगितला. पोरंटोरं काकांना रस्त्यात अडवून साताचं उत्तर विचारू लागली, आणि हा माणूस मान खाली घालून "चुकलो बाबा" म्हणत पुढे जायचा. राज्य पडल्यावर मी त्यांना म्हणालो, आता चावडीवर उभा राहून खरं काय ते सांगतोच. त्यांनी माझा हात धरला.

"काहून? हसू दे लोकांना. त्या संख्येचं काई बिघडलं न्हाई. तुझं बी न्हाई."