पुसलेला सात

ड्रॉवर आवरताना जुना कॅल्क्युलेटर हाती लागला, आणि त्याच्या बटणावरचा पुसलेला सात पाहून माझं डोकं पुन्हा सणकलं. तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, आमचं ऑफिस एका जुन्या दवाखान्यात, फिनाइलच्या वासात थाटलेलं. शेजारच्या टेबलावरचे ख्रिस्ती बाबू राज्य वेगळं झालं तेव्हा भोपाळहून इकडे आलेले, बायको-पोरं तिकडेच. बायबल उघडून ते माझ्या या मशीनवर रोज सात गुणिले तीनशेसाठ वर्षं बडवायचे, इसवी सनापूर्वी देशोधडीला लागलेल्या यहुद्यांना आपला देश परत कधी मिळणार, ते भाकीत जुळवायला. "इस्रायल झालं अठ्ठेचाळीसला, अन् माह्यं सत्तेचाळीसच येऊन राहिलं," ते एका दुपारी दहाव्यांदा म्हणाले. "सत्तेचाळीस तर आपलं! इसवी सनाच्या आधी शून्य साल नसते. एक मिळवा अन् मशीन द्या," मी खेकसलो. हिशोब जुळला, बाबू हरखले, आणि मला आणखीच चीड आली. "दुसऱ्यांची अडीच हजार वर्षं मोजता, तुमची भोपाळला परतीची ऑर्डर कधी येते ते काढा की!" त्यांनी बायबल हळूच मिटलं. "ते कुठं लिहून नाही ना, भाऊ." त्या संध्याकाळी मशीन मी घरी आणलं, ते आजतागायत ड्रॉवरमध्येच पडून आहे, मला तरी असं काय मोजायचं होतं?