पूजा होईपर्यंत

"तुम्ही जरा जिन्यात थांबा. पूजा होईपर्यंत."

हेडक्लार्क हळू आवाजात म्हणाला. हसून म्हणाला. मी कोट-टाय घालून, बॅग घेऊन उभा. लालबागच्या त्या गिरणीच्या कचेरीत नवं यंत्र आलं होतं. त्याला झेंडूचा हार घातला होता.

ते यंत्र मी विकलं होतं.

आमची कंपनी हिशेबाची यंत्रं द्यायची. कार्डांना भोकं पाडून यंत्रात घातली की पगारपत्रक छापून बाहेर. प्रत्येक कचेरीचं काम वेगळं, म्हणून जुळणीही वेगळी करून द्यावी लागे. नवं गिऱ्हाईक शोधायचं, त्याची अडचण समजून घ्यायची, यंत्र त्याच्या गळी उतरवायचं. हे माझं काम. या गिरणीत मी कित्येक महिने खेटे घातले होते. याच हेडक्लार्कसमोर बसून चहा प्यायलो होतो. त्याच्या मुलीच्या लग्नाला गिरगावात जाऊन आलो होतो.

माझे वडील त्याच गिरणीत, सूत काढायच्या रिंगखात्यात. कापड विणायच्या साचेखात्यात पगार बरा. पण तिथं धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागायचा. आमच्या तोंडचा धागा बाकीच्यांना चालत नसे, म्हणून आमच्या माणसांना तिथं घेत नसत.

आदल्या दिवशी गेटवर मी वडिलांशी बोलत होतो. हेडक्लार्कनं पाहिलं.

"ओळखीचे?"

"माझे वडील."

"अच्छा," म्हणाला. तेवढंच.

जिन्यात कापराचा वास येत होता. आत घंटा वाजत होती. आमचे मॅनेजर आतच होते. आदल्या संध्याकाळी दादरच्या सभेत आम्ही दोघं शेजारी उभे होतो. मुंबई आमची, मराठी माणूस एक, म्हणून ओरडलो होतो. माझा घसा अजून दुखत होता.

राग आला का? नाही. काहीच आलं नाही. पाय बधिर व्हावा तसा सगळाच बधिर झालो होतो.

मॅनेजर बाहेर आले. केळीच्या पानावर शिरा.

"घ्या. मनाला लावून घेऊ नका. गिऱ्हाईक आहे."

"तुम्ही आत काही बोललात?"

"मी काय बोलणार? आपल्याला धंदा करायचाय." मग जवळ येऊन म्हणाले, "अहो, गावावरनं आडनाव लावा की. गावाच्या नावापुढं ‘कर’ लावलं की कोण विचारतंय?"

मी शिरा परत त्यांच्या हातावर ठेवला.

"मी निघतो."

"अहो, शेठ वाट बघताहेत. फोटो काढायचाय!"

"फोटो माझ्याशिवाय काढा."

उतरलो. परळपर्यंत चालत आलो. वाटेत काय दिसलं, आठवत नाही.

वडील पाळी संपवून घरी आले. त्यांना आधीच कळलं होतं. खात्यात सगळ्यांनाच कळलं होतं. पंच्यानं मानेवरची कापसाची तुसं झटकू लागले. मग म्हणाले,

"कशाला सांगितलंस रे, मी बाप म्हणून? ओळखीचा आहे म्हणायचंस."

  हेडक्लार्कचं बोलणं सहन झालं होतं. हे झालं नाही. आम्ही बौद्ध झालो तेव्हा हाच माणूस ताठ उभा राहून प्रतिज्ञा म्हणाला होता. आणि आज पोराच्या नोकरीसाठी स्वतःलाच पुसून टाकायला निघाला होता.

 

दुसऱ्या दिवशी प्रभादेवीच्या एका कारखान्यात भेट ठरली होती. मालक समोर होते. खुर्ची दाखवली. मी बसलो नाही.

"आधी एक सांगतो. माझे वडील गिरणीत रिंगखात्यात आहेत. आम्ही बौद्ध. आता यंत्राचं बोलू का?"

त्यांनी समोरचे कागद उगाच सारखे केले. "आज जरा घाई आहे. पुन्हा या."

ऑर्डर गेली. मॅनेजर टेबलावर हात आपटून ओरडले, "कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"नाही. म्हणूनच सांगितलं."

"असं केलंत तर नोकरी राहणार नाही."

"काढायचं तर काढा. मी सांगायचं सोडणार नाही."

त्याच दुपारी मी शीवला पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलो. आधी वडिलांचं नाव सांगितलं. मग कंपनीचं.