सव्वापाचचं घड्याळ

बंद घड्याळं विकून नाव कमावलेला घड्याळजी जगाच्या पाठीवर एकच असेल. जुन्या जकात कचेरीच्या आवारात दरवर्षी शहराच्या वारशाचा मेळा भरतो, तिथे फाटकाशीच त्याचं टेबल असतं. टेबलावर वीतभर उंचीची लाकडी घड्याळं, आणि झाडून सगळ्यांचे काटे सव्वापाचवर चिकटवलेले. "आमच्या मामंजींनी जन्मभर लोकांची घड्याळं चालू करून दिली, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही," त्याची सून गिऱ्हाइकांना सांगते. "आता बंद विकतात, तर रांग लागते!" लोक खो खो हसतात. घड्याळजी तेवढ्यात काहीतरी पुसायला घेतो.

सव्वापाच का, हे मेळ्यात शेंबडं पोरही सांगेल. सत्तर वर्षांपूर्वी याच आवारात गोऱ्या साहेबानं जमावावर गोळ्या झाडल्या. एक गोळी कचेरीतल्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला लागली आणि ते तिथंच थांबलं. आज ते काचेच्या कपाटात आहे. एका बाजूच्या दालनात साहेबाची खुर्ची, टोप्या, हातकड्या. दुसऱ्या बाजूला क्रांतिकारकांचं छपाईयंत्र. आणि मधोमध हे. (साहेबाच्या खुर्चीत बसून फोटो काढायला जेवढी झुंबड, तेवढी छपाईयंत्रापुढे नसते. असो, कुणाला काय बोलावं!) दरवर्षी बरोबर सव्वापाचला घंटा होते आणि अख्खा मेळा दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो. कपाटाची किल्ली घड्याळजीकडे असते. त्याला 'घड्याळाचे राखणदार' म्हणून शालही मिळालेली आहे.

राखणदार कसला, चोर तो! त्याचं त्याला माहीत होतं.

गोळीबारानंतर कचेरीला जे कुलूप लागलं ते वीस वर्षांनी निघालं. घड्याळजी तेव्हा विशीतला, एका दुकानात कामाला. मालक म्हणाले, "जाऊन नुसतं बघून ये. हात लावायचा नाही." पण ज्याला हात लावू नको म्हणाल, त्यालाच हात शिवशिवतात. घड्याळ पावणेअकरावर थांबलेलं होतं. ठोके पडतात का बघावं म्हणून यानं काटे फिरवले. सव्वापाचपर्यंत फिरले, आत कट्कन आवाज झाला आणि काटे अडकले ते अडकलेच. तेवढ्यात कारकून मागे येऊन उभा. "गोळी लागली तेव्हापासून असंच का हो?" खरं सांगितलं तर याची नोकरी जात होती. "हो, असंच होतं," तो म्हणाला.

बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं. साहेबानं जाताना कागद जाळलेले, गोळीबार सकाळी की संध्याकाळी यावर म्हाताऱ्या लोकांची भांडणं चालू होती. घड्याळानं निकाल लावून टाकला.

यंदा मेळ्याच्या सकाळी टेबल मांडत असताना त्याला त्या बाई दिसल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या. त्या दरवर्षी अशाच सकाळी, कुणी नसताना यायच्या, घड्याळापुढे हात जोडून उभ्या राहायच्या आणि निघून जायच्या. त्या का येतात हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. धीरच नव्हता. आज त्या थेट टेबलाशी आल्या.

"घड्याळजी, यातलं एक काटे बदलून मिळेल का? मला पावणेअकराचं हवंय."

त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला.

"पावणेअकराच का?"

"वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. त्या गोळीबारातच गेले. आई सांगायची, दूध चुलीवर होतं, पावणेअकरा झाले होते, तेवढ्यात आवाज आले. बाराच्या आत दवाखान्यात त्यांची मृत म्हणून नोंद झाली. पण हुतात्म्यांच्या दगडावर त्यांचं नाव नाही. स्मारक समिती म्हणते, गोळीबार सव्वापाचचा, मग हा माणूस बाराला कसा मेला? कुठेतरी मारामारीत मेला असेल!" बाई हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "आई अर्ज घेऊन चपला झिजवत राहिली. लोक तिला खोटारडी म्हणाले."

घड्याळजीनं चिकटवलेले काटे सोडवले. पावणेअकरा लावायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. "बाई, आज संध्याकाळी सव्वापाचला या," तो म्हणाला.

"सव्वापाचला मी येत नाही. कधीच आले नाही."

"एवढ्या वेळी या. पाया पडतो तुमच्या."

संध्याकाळी समितीच्या अध्यक्षांनी कौतुकानं माईक त्याच्या हाती दिला. "घड्याळ पावणेअकराला बंद पडलं होतं," तो म्हणाला. "सव्वापाच मी केले. नोकरी जाईल म्हणून खोटं बोललो, आणि पन्नास वर्षं तोंड शिवून बसलो." मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारा चळला!" सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. अध्यक्ष माईक घ्यायला धावले, पण कपाटाची किल्ली याच्याच खिशात होती. त्यानं काच उघडली, आतली अडकलेली पट्टी सोडवली आणि काटे पावणेअकरावर आणले. दोन मिनिटांचं काम होतं. घंटा नेहमीसारखी झाली, पण उभं राहायचं की नाही हे कुणाला कळेना.

बाई आल्या होत्या. तो त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. मान वर करायची हिंमत नव्हती.

"आता दगडावर नाव येईल, बाई. मी स्वतः समितीत जाऊन लिहून देतो."

"येईल तेव्हा येईल. आई चार वर्षांपूर्वी गेली." बाईंनी पिशवीतलं छोटं घड्याळ घट्ट धरलं होतं. "शेवटच्या दुखण्यात सारखं विचारायची, 'अगं, माझंच तर चुकत नाही ना?' मी वैतागले होते हो. एक दिवस म्हटलं, 'हो आई, तुझंच चुकत असेल.' त्यानंतर तिनं पुन्हा कधी विचारलं नाही."