तात्यांची तीन वाजताची पाळी

तात्या घाडी बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत कधी बघत नसत, ओठांकडे बघत. चाळीत नव्याने आलेल्या सुनांना ते फार खटकायचं, पण त्यात वावगं काही नव्हतं. पंचवीस वर्षं साचेखात्यात काढलेल्या माणसाचे कान तिथल्या खडखडाटातच गेले होते. गिरणीत मागाला साचा म्हणत, आणि तात्या एका वेळी चार साचे सांभाळत. आपण बहिरे नाही, हे ते चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत.

लालबागच्या आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत राहायचे. गिरण्यांचा संप लांबला तशी त्यांची बायको, आमची काकी, मुलांना घेऊन गावी गेली आणि तात्या एकटे उरले. स्टोव्हवर भात, पुढ्यात विळी, मांडीवर पेपर आणि गॅलरीतल्या कुणाशी तरी वाद, असं सगळं एकदम चालू असलं की त्यांचं काही बिघडत नसे. नुसत्या भाताकडे लक्ष देऊन बसले, तर तो हमखास करपायचा. "एका कामात माझा जीव रमणा नाय," म्हणायचे. संपाच्या दुसऱ्या वर्षी त्यांचे वाद थांबले, मग पेपर थांबला. दाढी वाढवून ते दिवसभर गॅलरीत बसून राहू लागले. माझे बाबाही संपावरच होते. जाता-येता ते तात्यांकडे बघायचं टाळत.

त्या वर्षी मी दहावीला नापास झाले. ऑक्टोबरला सुटले नाही तर गावी नेऊन लग्न लावून टाकायचं, असं घरात ठरलं. शाळेत बाई सांगायच्या, हाताची घडी घाल, मन एकाग्र कर. मी घडी घालायचे आणि डोक्यात मिट्ट काळोख व्हायचा. दुपारभर आईबरोबर शर्टांना बटणं लावायची, संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायचं, आणि पान उलटलं की मागचं गायब. आपण मठ्ठ आहोत, हे मी मनाशी कबूल करून टाकलं होतं.

एका दुपारी तात्या दारात उभे राहून माझे ओठ बघत होते. बटणं लावता लावता मी शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या जशाच्या तशा पुटपुटत होते, मला पत्ताही नव्हता. मग त्यांनी सकाळच्या बातम्या विचारल्या. त्याही मी सुई न थांबवता धडाधड सांगितल्या. ते उंबऱ्यावर बसले.

"तुझी अक्कल हातात आसा गो. हात थांबले की ती पण थांबता. पुस्तक हय दी, तू बटणा लाव."

दुसऱ्या दिवसापासून ते बरोबर तीनला, दुपारपाळीच्या वेळेला, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागले. शिक्षण चौथीपर्यंतचं. शब्दावर बोट ठेवून, भलत्या ठिकाणी थांबत वाचायचे, आणि आवाज साचेखात्यातला. मजल्यावरच्या बायकांना भूगोल पाठ झाला. बीजगणितातल्या एक्सला ते फुली म्हणत. वाचून झालं की प्रश्न विचारत. उत्तरं मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून द्यायचे. चुकलं की ते तिथल्या तिथे पकडत. परीक्षेत हाताशी सुई-बटणं नसतील या भीतीने मी रडले, तेव्हा डाव्या मुठीत एक बटण धरून लिहायची सवय त्यांनीच लावली.

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना गिरणीच्या फाटकावर कामावर परत घेतलेल्यांची यादी लागली. तात्या सकाळी बघून आले आणि तीनला हजर झाले. त्या दिवशी त्यांनी एकच पान दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा मी वैतागून पुस्तक ओढून घेतलं. यादीत त्यांचं नाव नव्हतं, हे मला नंतर आईने सांगितलं. "साचे दुसऱ्याक दिले," एवढंच ते तिला म्हणाले होते.

परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी तीनला तात्या आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. उंबऱ्यावर बसून त्यांनी पुस्तकासाठी हात पुढे केला. मी सुई ओवत होते. परीक्षा संपली, असं मी नेहमीसारखं ओठांनीच सांगितलं. त्यांनी ते वाचलं. हात तसाच पुढे होता. मग ते इतक्या हळू बोलले, की हा त्यांचाच आवाज आहे हे मला क्षणभर कळलं नाही.

"मगे मी आता काय करू?"

मला हसू आलं. "आराम करा," मी म्हटलं.

दोन दिवसांनी ते खोलीला कुलूप लावून गावी गेले. मी पास झाले. कार्ड टाकलं, त्याला उत्तर आलं नाही. शिमग्याच्या आधी काकीचं कार्ड आलं, तात्या गेले. आजार असा काही नव्हता, जेवायचे बंद झाले होते.

पुढे मी शिकले, नोकरीला लागले. एका वेळी एकच काम करावं, असं साहेब सांगतात तेव्हा मी मान हलवते आणि टेबलाखाली रुमालाच्या घड्या घालत त्यांचं ऐकते. माझ्यासारख्यांचं डोकं कसं चालतं, ते एका माणसाने ओळखलं होतं. त्याचं कशावर चालतं, ते मात्र मला दिसलं नाही. त्या दुपारी माझ्या शेजारी धाकट्या भावाचं सातवीचं पुस्तक पडलं होतं. तात्यांचा हात पुढेच होता. मी ते उचलून द्यायला हवं होतं.