नको म्हटलं की थांबायचं

माझी मुलगी घरात बसून कसलं काम करते, हे शेजारणीने विचारलं की मी "कंप्युटरचं" म्हणून आत जायची. आता ते काम मला कळलं आहे, पण चारचौघांत सांगायला तोंड उघडत नाही. म्हणून लिहून ठेवते.

तिची कंपनी व्हीपीएन विकते. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवर जायची झाकलेली वाट. वर्गणी भरली की गिऱ्हाईकाला एक लिंक मिळते, ती मोबाईलमध्ये घातली की वाट सुरू. लिंक भलत्याच्या हातात गेली तर जुनी मारून नवी द्यायची. त्याला रिसेट म्हणतात. रिसेट केलं की त्या गिऱ्हाईकाचे घरातले, दुकानातले सगळे मोबाईल एकदम गप्प. मग प्रत्येकात नवी लिंक घालत बसा.

हे आधी माणसं करायची. मग कंपनीने एआय एजंट ठेवला, म्हणजे गिऱ्हाईकांना आपणहून उत्तरं देणारं यंत्र. साहेबांनी त्याच्या हातात रिसेटचं टूल दिलं आणि खाली एकच ओळ लिहिली: गिऱ्हाईकाला अडचण असेल तर वापरावे. आता अडचण कुणाला नसते? कागलच्या एमआयडीसीतल्या एकाने बिल आलं नाही म्हणून कळवलं, यंत्राने रिसेट केलं. एका गुळाच्या व्यापाऱ्याने लिहिलं, "तुमच्यात कोण माणूस हाय का न्हाय?" रिसेट. त्याने शिव्या दिल्या, परत रिसेट. एका बाईंनी तर लिहिलं होतं, "आधी फार अडचण होती, आता छान चाललंय, आभारी आहे." त्यांचं छान चाललेलंही बंद झालं.

साहेबांनी मुलीला सांगितलं, या टूलची नीट माहिती लिही. काय करतं, कधी वापरायचं, कधी हात लावायचा नाही. यंत्र तेवढंच वाचणार आणि तसंच वागणार. मुलगी अजून कच्ची होती कामावर. हे लिहिणं जमलं तर कायम, नाहीतर शनिवारी नमस्कार. नमस्कार झाला तर ती पुण्याला मावशीकडे जाणार होती नोकरी शोधायला. घरात आम्ही दोघीच. माझ्या चपात्या जाड व्हायला लागल्या.

एका दुपारी तिने हाक मारली. "आई, हिकडं ये. तू एजंट हो."

"मला न्हाय जमायचं."

"कायतरी जमायला पायजे असं न्हाईच. मी लिहिलेलं वाचते, तेवढंच करायचं. मी गिऱ्हाईक."

तिने वाचलं: रिसेट करण्याआधी गिऱ्हाईकाला विचारा. मग आवाज जाड करून म्हणाली, "ओ, नेट लई हळू चालतंय!"

मी खाली बघत विचारलं, "रिसेट करू का?"

"नको."

"करते की थोडं."

"नको म्हणतोय न्हवं!"

"असं कसं? एवढ्या लांबनं आलाय."

मुलीने कपाळाला हात लावला. "आई, त्यो रिसेट हाय. पोहे न्हवंत."

मी तरी काय करणार? आमच्या मंगळवार पेठेत पहिलं नको रीत म्हणून असतं, दुसरं मान म्हणून, आणि तिसऱ्याला पुढचा बशी हातात घेतोच. पहिल्या नकोला थांबणाऱ्या घराची चर्चा गल्लीच्या टोकापर्यंत होते.

ती हसली आणि एकदम थांबली. तिचं ते 'विचारा' वाचल्यापासून यंत्रही असंच करत होतं म्हणे. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी पुन्हा विचारायचं, मग पुन्हा, आणि शेवटी करून टाकायचं. तिने लिहिलं: गिऱ्हाईक नको म्हणाले की थांबा. आग्रह करू नका.

मग आमचा रोज सराव. ती कधी शेतकरी व्हायची, कधी चिडका वकील. मी थांबायला शिकले. इतकी शिकले की रात्री तिने भाजीला नको म्हटल्यावर मी कढई उचलून आत नेली.

"आई, जेवताना तू आई हो."

शनिवारी ऑफिसात लाईट नव्हती, म्हणून साहेब घरीच आले. मूळचे मुरगूडचे, आवाज गल्लीभर. मी पडद्यामागे. ते स्वतः गिऱ्हाईक झाले आणि टाईप करता करता ओरडायला लागले, "बंद करा तुमचं समदं!" एजंटने लिहिलं, जुनी लिंक मरेल, सगळ्या मोबाईलवर नवी घालावी लागेल, करू का? साहेबांनी नको लिहिलं. उत्तर आलं, बरं, काहीही बदललेलं नाही.

"शाबास," साहेब म्हणाले. कायमचं मात्र काही बोलेनात.

मी धीर करून चहा नेला.

"नको नको काकू, आत्ताच झाला."

मी ट्रे उचलला आणि आत आले. दूध तेवढंच होतं, वाया कशाला घालवा, म्हणून उभ्याउभ्या तो चहा पिऊन टाकला.

बाहेरून साहेबांचा आवाज आला. "काकू आत गेल्या त्या गेल्याच की. आमच्या मुरगुडात असं करत न्हाईत."

मुलगी म्हणाली, "सर, नको म्हटलं की थांबायचं. तुम्हीच शाबास म्हणाला."

साहेब हसले नाहीत. रिकामा कप धरून मी तशीच उभी. मला वाटलं, मी चहा नाही, पोरीची नोकरीच प्याले.

"बरं, पण गिऱ्हाईकानं मागनं स्वतःच मागितलं तर?" साहेब म्हणाले. "ते कुठं लिवलंय?"

लिहिलं नव्हतं. मुलीने घाईघाईने टाईप केलं आणि वाचून दाखवलं: नंतर गिऱ्हाईकाने स्वतः मागितले तर करावे. आधीचा नकार धरून बसू नये.

"आता बरोबर," म्हणून ते पडद्याकडे वळले. "काकू! गिऱ्हाईक स्वतः मागतंय. चहा."

दूध संपलेलं. मुलगी आत आली, तिने माझ्या हातातला कप बघितला आणि तोंडावर ओढणी दाबून खाली बसली. शेवटी कोरा चहा केला, गुळाचा खडा टाकून. तो तीच घेऊन गेली. साहेबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण संपवला.

"सोमवारपास्नं कायम," ते चप्पल घालताना म्हणाले. "आणि दूध जरा जास्ती घेत जावा."

रात्री मी भाजी वाढायला गेले. मुलीने ताटावर आडवा हात धरला, नको म्हणाली. मी हात बाजूला सारून वाढली.