बदलीनानांची लगीनसराई

बदलीनानांनी कधी कुणाची तब्येत विचारली नाही. रस्त्यात भेटायचे, ओट्यावर टेकायचे, दिला तर चहाही घ्यायचे, पण "कसं काय, बरं आहे ना?" एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. समोरचा खोकला तर ते मान वळवून दुसरीकडे बघत. त्याऐवजी त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे, आणि तो ते नव्या-जुन्या सगळ्यांना विचारत : "घरमा लगीनजोगं कोनी शे का?" मी लग्न होऊन धुळ्याला गिरणीच्या चाळीत आले, तेव्हा हातावरची मेंदीही गेली नव्हती. मला त्यांनी हेच विचारलं. मी म्हटलं, "नाना, मी आत्ताच तर लग्न करून आलेय." त्यावर म्हणाले, "तुनं नही वं माय. माहेरले धाकली बहीन व्हई एखादी."

गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्यांना बदली म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. गिरणीत ज्याची नोकरी पक्की तो कायम. तो कामावर आला नाही की त्याचा खाडा. आणि त्या खाड्यापुरता ज्याला आत घेत, तो बदली. दर पाळीच्या आधी फाटकाबाहेर बदल्यांचा घोळका उभा राहायचा. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आत किती साचे रिकामे आहेत ते बघून यायचा आणि तेवढ्यांना बोटानं आत बोलवायचा. साचा म्हणजे कापड विणायचा माग. उरलेल्यांनी डबा घेऊन घरी जायचं, त्या दिवसाचा रोज बुडाला. नाना त्या फाटकाशी इतकी वर्षं उभे होते की त्यांचं आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं. लहान पोरांना तर 'बदली' हेच त्यांचं आडनाव वाटे.

आता अशा माणसानं कुणाची तब्येत कशी विचारावी? एकदा मीच त्यांना छेडलं, तेव्हा म्हणाले, "बदलीनी तब्येत इचारी का मानूस समजस, हाऊ मना साचावर डोया ठेवस." बदलीची नजर आपल्या साच्यावर आहे असंच माणसाला वाटे, ते खोटं नव्हतं. चाळीतल्या बायका सकाळी नाना दिसले की तोंड फिरवत. माझ्या सासूबाई तर आमचे हे गिरणीत पाळीला निघायच्या वेळी नाना गल्लीत नाहीत ना, हे आधी बघून घेत, मांजर आडवं जाऊ नये म्हणून बघतात तसं. नानांना हे सगळं कळायचं. ते मागच्या गटाराच्या कडेकडेनं फाटकाकडे जात आणि कुणाच्या दारासमोरून जायची वेळ आलीच तर मुद्दाम मोठ्यानं भजन म्हणत, म्हणजे बायकांना आत जायला वेळ मिळे.

लग्नं जमवायचं वेड त्यातूनच लागलं होतं. दुसऱ्याच्या खाड्यावर पोट, आणि खाडा पडणार कशानं? आजारपणानं, अपघातानं, नाहीतर मयतानं. नानांच्या मनाला ते सोसत नव्हतं. "कोनी बिमार पडानी वाट पाहासू तं देव माले माफ कराव नही," असं ते म्हणत, "लगीन लाई दिधं का मानूस चार दिन खुशीमा खाडा करस." म्हणून कुणाचा भाऊ, कुणाची भाची, कुणाचा पुतण्या, सगळ्यांची त्यांना खबर. भडगावला मुलगी आहे, चाळीसगावला रेल्वेत लागलेला मुलगा आहे, कोणाच्या मुलीला चष्मा आहे पण स्वयंपाक असा की बोटं चाटावीत. मध्यस्थीचा एक पैसा घेत नसत. लगीनसराई हा त्यांचा हंगाम, आणि त्या हंगामाची पेरणीही तेच करत. गंमत अशी की आपण जमवलेलं एकही लग्न त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नाही. तिकडे अक्षता पडत, तेव्हा नाना इकडे नवरदेवाच्या बापाच्या साच्यावर आडव्या धाग्याचा धोटा पळवत असत. दुसऱ्या दिवशी लग्नघरून गव्हाच्या बट्ट्या आणि वांग्याची भाजी त्यांच्या घरी पोचे, तेवढीच त्यांची पंगत.

ज्या दिवशी आत बोलावणं येत नसे त्या दिवशीही ते डबा घरी परत नेत नसत. गिरणीच्या भिंतीला पाठ लावून बसत आणि दुपारचा भोंगा झाला की तिथेच भाकरी सोडत, जणू आत पाळीत असल्यासारखे. भरलेला डबा परत आलेला बायकोनं पाहू नये, असं त्यांना वाटे. बायकोला ते कळत नव्हतं थोडंच. ती आणि मुलगी सुमन, दोघी मारवाड्याच्या वखारीत शेंगा फोडायला जात. शेंगा फोडून फोडून त्या पोरीच्या अंगठ्याचं नख कधी धड नसायचं.

आणि या सुमनचंच लग्न जमेना. गावभरच्या पोरी उजवणाऱ्या माणसाची स्वतःची मुलगी घरात. दिसायला नीटस, हाताला चलाख, आवाज गोड. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावर बसून गाणी म्हणायला लागली की दुसऱ्या चाळीतल्या बायका ऐकायला येत. पाहुणे यायचे, पोहे खायचे, मुलगी पसंत पडायची. मग कुणीतरी विचारायचं, "बाप काय करतो?" गिरणीत आहे. "कायम का बदली?" झालं, बोलणं तिथंच थांबायचं. हुंड्याचं पुढे बघू म्हणणारेही या प्रश्नावर उठून गेले. नानांना खोटं सांगता आलं असतं, पण त्यांचं नावच बदलीनाना पडलेलं. सांगून लपणार कुठे?

अशात आमच्या घरावर कुऱ्हाड कोसळली. आमच्या ह्यांना खोकला होताच, कापसाची धूळ छातीत बसलेली. एक दिवस रक्त पडलं. सरकारी दवाखान्यात क्षय निघाला. हे खाटेला खिळले, आणि ह्यांच्या साच्यावर जॉबरनं बदलीनानांना लावलं. सासूबाई म्हणाल्या, "पाहा, म्हणत होते ना मी."

महिने जात राहिले. नानांच्या घरी पहिल्यांदाच सलग पगार यायला लागला. त्यांच्या चुलीवर ज्वारीच्या भाकरीच्या जोडीला कधीमधी पोळी दिसू लागली. सुमननं शेंगा फोडायचं सोडलं, तिच्या अंगावर नवं लुगडं आलं. आणि जामनेरकडचं, पहूरचं एक स्थळ चालून आलं. मुलगा शाळामास्तर. त्याचा बाप स्पष्टच म्हणाला, "तुम्ही कायम झालात की साखरपुडा करून टाकू." ते काही अवघड नव्हतं. गिरणीचा रिवाज असा होता की सलग गैरहजेरीची मुदत भरली की कामगाराचं नाव कमी होई, आणि त्याच्या साच्यावर जो बदली असेल त्याला कायम करत. जॉबरनं नानांना सांगूनच ठेवलं होतं, "आता गप बस. आखाजीला मुदत भरली की साचा तुझाच."

मला हे सगळं बायकांकडून कळत होतं. ह्यांची नोकरी गेली तर दोन लहान लेकरं आणि आजारी नवरा घेऊन मी कुठे जाणार होते? माहेरी भडगावला भावाचंच भागत नव्हतं. मी सुमनच्या नव्या लुगड्याकडे बघे आणि मनातल्या मनात चडफडे. देवाला काय मागावं तेच कळेना. माझं भलं मागितलं की तिचं वाटोळं, एवढं ते सरळ होतं.

एके दुपारी नाना दारात आले. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही, ह्यांच्या खाटेकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, "भाऊले सोमवारनी पाळीले पाठाड."

मी म्हटलं, "नाना, त्यांना धड उभं राहवत नाही."

"उभं ऱ्हावानं काय काम? एक दिन हाजरी लागनी का मुदत नव्यानं सुरू व्हस. साचा मी चालाडसू."

"पण हे आपल्या जागेवर आले तर तुम्हाला आत कोण घेईल?"

तेव्हा ते जरा हसले. म्हणाले, "बाजूना साचावाला लगीनले जाई राहिना."

ते लग्न बाजूच्या साच्यावरच्या माणसाच्या भावाचं. मुलगी भडगावची, अर्थात नानांनीच जमवलेली, आणि तिथी आखाजीनंतरची धरलेली. नाना त्याआधीच एसटीनं भडगावला जाऊन मुलीच्या बापाला सांगून आले होते की नवरदेवाची आजी आता काही दिवसांची सोबती आहे, तिला डोळ्यांनी लग्न बघू द्या. ज्या माणसानं जन्मात आजारपणाचा शब्द काढला नाही, त्यानं धडधाकट म्हातारीला खाटेवर टाकलं. तिथी अलीकडे, त्याच सोमवारवर आली. त्या आजीनं लग्नात तूप ओतून बट्ट्या खाल्ल्या आणि वर वांग्याच्या भाजीत तिखट कमी पडलं म्हणून भांडली, असं नंतर कळलं.

मी दारात उभी होते. न राहवून विचारलं, "आणि सुमन? पहूरचे लोक?"

"पहूर काय पयी जाई राहिनं का?" असं म्हणून ते वळले.

पहूर कुठे पळून जात नव्हतं, पण पहूरचे लोक थांबणार नव्हते. ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. मी त्यांना नको म्हटलं नाही. लेकरं पदरात असलेली बाई नको म्हणत नसते, आणि आज तीच वेळ आली तर आजही म्हणणार नाही.

सोमवारी मी ह्यांना हाताला धरून फाटकापर्यंत नेलं. हजेरी लागली. आत नानांनी ह्यांना बॉबिनच्या पालथ्या खोक्यावर बसवलं आणि पाळीभर ह्यांचा साचा आणि बाजूचा साचा, दोन्हीकडे तेच नाचले. धागा तुटला की इकडे, धोटा अडकला की तिकडे. जॉबर दिवसभर दुसऱ्याच खात्यात फिरत राहिला. त्याची सून नानांनीच शोधून दिलेली होती. संध्याकाळी हे घरी आले ते भिंत धरून, आणि खाटेवर पडून लहान मुलासारखे रडले. मला वाटलं, दमले म्हणून. ते म्हणाले, "अगं, तो माझ्याशी दिवसभरात एक शब्द बोलला नाही. नुसता पळत होता."

नवी मुदत भरायच्या आत हे बरे झाले आणि साच्यावर परत उभे राहिले. नाना पुन्हा फाटकाबाहेर. पहूरकरांनी दुसरीकडे सोयरीक केली. पुढं वर्ष-दीड वर्षानं सुमनला चाळीसगावच्या एका बिजवराला दिलं. पदरात दोन मुलं, वय बापाहून थोडंच कमी. त्या लग्नाला मात्र नाना होते. त्याच दिवशी गिरणीत खाडा पडला होता आणि जॉबरनं त्यांच्या नावानं हाक मारली होती, पण ते मांडवात होते. त्यानंतर त्यांनी कुणाला 'लगीनजोगं कोनी शे का' असं विचारल्याचं मला आठवत नाही.

ह्यांना ते सहन होईना. मग ह्यांनी एक खूळ काढलं. महिन्यातून एखाद्या दिवशी बरे असताना घरी बसून राहायचे, म्हणजे नानांना रोज मिळेल. दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा नाना फाटकावर हाक येऊनही आत गेले नाहीत. आमच्या दाराशी येऊन ह्यांना बोलले, "भाऊ, लगीन नही, बिमारी नही, आन खाडा? मी बदली शे, भिकारी नही." हे मान खाली घालून कामावर गेले आणि पुन्हा तसं केलं नाही.

दुष्काळ पडला त्या सालापासून फाटकाशी गर्दी वाढली. खेड्यापाड्यातली, शेत सोडून आलेली जवान पोरं तिथे उभी राहायला लागली, आणि जॉबरचं बोट त्यांच्याकडे आधी जाऊ लागलं. नाना पिकले होते. भिंतीला टेकून डबा खायचे दिवस वाढले. गिरणी नव्या जागा भरत नव्हती. कुणाची तरी रिकामी झाल्याशिवाय कुणी कायम होत नव्हतं.

मग ह्यांचं दुखणं उलटलं आणि त्यात हे गेले. माझी मुलं अजून शाळेत होती, त्यांच्यापैकी साच्यावर उभं राहील असं कुणी नव्हतं. पुढं मी बालवाडीत लागले आणि कसंबसं निभावलं, पण ती वेगळी गोष्ट. ह्यांचा साचा बदलीनानांना मिळाला. जॉबरनं त्यांची सेवा जुनी म्हणून शब्द टाकला, आणि नाना कायम झाले.

तेरावा झाल्यावर एका सकाळी ते डबा घेऊनच आले. पहिल्यांदाच घरात येऊन बसले. ह्यांच्या रिकाम्या खाटेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कायम व्हयनू, माय." कुणी मयताची खबर सांगावी तसं सांगितलं. मी म्हटलं, "चांगलं झालं, नाना." त्यांनी मान हलवली. "इतला साल लोके इचारेत, बाप कायम शे का बदली. आते सांगाले तोंड शे, तं इचारनारं कोनी नही."

आम्ही दोघंही रडलो. मी कुणासाठी रडत होते, ते मला त्या वेळी वेगळं काढता आलं नसतं. इतक्यात पहिला भोंगा झाला. नाना एकदम उठले, पंच्यानं तोंड पुसलं आणि डबा उचलला. "उशीर व्हयना तं साचावर बदली लाई देतीन," म्हणाले. मी दारात आले. गल्ली संपून गिरणीची भिंत लागते तिथून ते दिसत होते. ह्यांच्या साच्यावर दुसरा कुणी उभा राहू नये म्हणून तो म्हातारा माणूस फाटकाकडे धावत होता.