घास घालायची जागा

मी लिहावं एवढं मला येत नाही. घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला, तेव्हा चुकलं तर माफ करा.

समूहगानासाठी मी आत्याची जात्यावरची ओवी दिली होती. दोन ओळींच्या मध्ये आत्या थांबायची. गाणं बसवणाऱ्या सरांनी विचारलं, "इथं रिकामं का रे?"

"तिथं जात्यात घास घालायचा असतो, सर. मूठभर जोंधळा."

"आपण काय दळायला बसलोय?" सर हसले. त्या जागी त्यांनी आलाप भरला. मीही तो आलाप वहीत उतरवून घेतला.

आत्या म्हणायची, "घास नाही घातला तर दगडच दळशील, बाबा."

कार्यक्रमात चाळीस गळे एकदम उठले. गाणं देखणं झालं, टाळ्या पडल्या. मला मात्र दगडावर दगड घासल्यासारखं ऐकू येत राहिलं. शिकून मी एवढंच केलं का, तिची थांबायची जागा बुजवू दिली?

आत्यालाच ऐकवावं, ती शिव्या घालेल, म्हणून त्याच रात्री घरी फोन लावला.

आई म्हणाली, "आत्या गेली रे. आज नववा दिवस. तुझं गाणं होतं, म्हणून कळवलं नाही."